संगणक वापरणाऱ्यांचे मंडळ

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य भागात, भीमा व सीना या दोन नद्यांच्या मधल्या टापूत माढा तालुका वसलेला आहे. याच तालुक्यात परितेवाडी नावाचे एक लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, आणि तिच्या एका अंगास गुरांचा गोठा. अशा शाळेत बसून या शिक्षकांनी मुलांच्या पुस्तकांना एक नवी जोड दिली. पुस्तकाच्या पानावर त्यांनी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन चिकटविला. मोबाइल फोनचा डोळा त्या चौकोनावर धरला, की फोनमधून कविता ऐकू येई, धडा समजावून देणारे चित्र हलूबोलू लागे. या चौकोनास 'क्यूआर कोड' म्हणतात. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौकोन छापले जाऊ लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम १० लक्ष डॉलर होती. तिच्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीत आलेल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हा चौकोन डिसले यांनी शोधून काढलेला नव्हे. तो १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केला, आणि तोही शाळेसाठी नव्हे, तर मोटारींच्या कारखान्यात निरनिराळ्या सुट्या भागांची नोंद ठेवता यावी म्हणून! जपानमध्ये 'गो' नावाचा एक बैठा खेळ आहे. त्याच्या पटावर मांडलेल्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून हारा यांना ही युक्ती सुचली. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत जी मोठी चौकटी दिसतात, त्यांवरून यंत्राला चौकोन सुलटा आहे की उलटा, हे कळते. काही ठिपके पुसले गेले, तरी उरलेल्या ठिपक्यांवरून मजकूर जुळविता येतो. परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या कंपनीने हा चौकोन निर्माण केला, तिने त्यावरील आपला हक्क कोणाविरुद्ध बजावला नाही. ज्याला हवा त्याने तो वापरावा, अशी मुभा ठेवली. म्हणूनच कारखान्यातील ही खूण माढा तालुक्यातल्या शाळेपर्यंत येऊ शकली.

येथे एक गोष्ट लक्षात येते. यंत्र निर्माण करणारा एक असतो आणि त्याचा नवा उपयोग हुडकून काढणारा दुसराच असतो. निर्माण करणाऱ्याला मुलांची अडचण ठाऊक नव्हती. ती ठाऊक होती वापरणाऱ्याला. असे वापरणारे जर एकमेकांना भेटले, एकाला सुचलेली युक्ती दुसऱ्याला सांगू लागले, तर केवढे काम होईल! याच हेतूने जगात ठिकठिकाणी संगणक वापरणाऱ्यांची मंडळे निघाली. मंडळ हा शब्द आपल्याकडे काही नवा नाही. गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, वाचकांचे मंडळ गावोगाव असतातच. भजनी मंडळात नवा मुलगा आला, की त्याला कोणी शिकवणीची फी विचारीत नाही. तो टाळ घेऊन मागच्या ओळीत बसतो आणि ऐकता ऐकता शिकतो. संगणकाचे मंडळ हे याच जातीचे. फक्त टाळांच्या जागी कळफलक असतो.

या मंडळांचा आरंभ कसा झाला, ते पाहणे मोठे मनोरंजक आहे. १९७५ पूर्वी संगणक म्हणजे एखादी खोली भरून टाकणारे प्रचंड यंत्र असे. ते सरकारी कचेऱ्यांत, विद्यापीठांत किंवा मोठ्या कंपन्यांत ठेवलेले असे. सामान्य माणसाला त्याचे दर्शनही दुर्लभ! त्या वर्षी अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' नावाचा एक लहान संगणक विक्रीस आला. तो सुट्या भागांच्या पेटीच्या रूपाने मिळे, आणि विकत घेणाऱ्याने आपल्या हाताने डाख देऊन तो जोडावा लागे. त्याला ना पडदा, ना कळफलक. समोरच्या बाजूस खटक्यांच्या व लहान दिव्यांच्या रांगा असत. खटके वरखाली करून आज्ञा द्यायची आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर ओळखायचे! त्याची मूळ स्मृती २५६ अक्षरे मावतील एवढीच होती. म्हणजे या धड्यातील दोनतीन वाक्यांतच ती भरून गेली असती.

असे यंत्र घरी आणून त्याचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येकालाच पडला होता. तेव्हा कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच व फ्रेड मूर या दोघांनी काही समछंदी माणसांना बोलाविले. ५ मार्च १९७५ रोजी फ्रेंच यांच्या घरच्या मोटारखान्यात तीसेक माणसे जमली. हेच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' या मंडळाचे पहिले संमेलन होय. 'होमब्रू' म्हणजे घरी तयार केलेले. नावातच सर्व आले.

पुढच्याच महिन्यात या मंडळात एक नवल घडले. स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या सभासदाने आपला अल्टेअर सभेत आणला आणि त्याच्याजवळ एक साधा रेडिओ ठेवला. खटके एकामागून एक दाबीत त्याने यंत्रात आज्ञा भरल्या. हे काम फार वेळखाऊ होते. ते करून झाले न झाले तोच कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला आणि सारे पुसून गेले. डॉम्पिअरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर रेडिओतून गाण्याची चाल ऐकू येऊ लागली. मुक्या यंत्राला आवाज फुटलेला पाहून सभासद उठून टाळ्या वाजवू लागले. ही जादू नव्हती. संगणक चालू असताना त्यातून अतिशय सूक्ष्म विद्युत्‌लहरी बाहेर पडतात; जवळच्या रेडिओत त्यांची खरखर उमटते. कोणती आज्ञा किती वेळ फिरविली असता कोणता स्वर निघतो, हे डॉम्पिअरने घरी बसून शोधले होते. यंत्र बनविणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. आपली युक्ती त्याने लपवून ठेवली नाही. ती छापून प्रसिद्ध केली, म्हणजे ज्याच्या घरी अल्टेअर आहे त्याला ती करून पाहता यावी.

मंडळाची गर्दी वाढली, तसे मोटारखाना अपुरा पडू लागला आणि सभा एका मोठ्या सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सनस्टाइन हे सभेचे संचालन करीत. त्यांची पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सभेच्या पहिल्या भागात ज्याला बोलायचे असेल त्याने उभे राहून थोडक्यात सांगावयाचे: आपल्यापाशी काय आहे, आपल्याला काय हवे आहे, आपले कोठे अडले आहे. दुसऱ्या भागात सारे उठून मोकळेपणाने हिंडत. ज्याचे अडले आहे त्याच्याकडे जाणकार आपण होऊन जात. अध्यक्षांचे भाषण, पाहुण्यांचा सत्कार, हारतुरे यांत वेळ दवडला जात नसे. आपल्याकडील काही सभांनी ही पद्धत उचलावी, असे कोणालाही वाटेल! याच मंडळात स्टीव्ह वॉझनियाक नावाचा एक लाजाळू तरुण येत असे. त्याने स्वतः एका संगणकाची रचना केली आणि तिच्या आराखड्याच्या प्रती सभासदांना फुकट वाटल्या. हाच पुढे 'ॲपल' या नावाने प्रसिद्धीस आलेला पहिला संगणक होय. १९८६ च्या डिसेंबरात हे मंडळ बंद झाले. घरोघर संगणक आणण्याचे त्याचे काम तोपर्यंत होऊन गेले होते.

अशी मंडळे काढणारे सारेच मोठे अभियंते होते, असे मात्र नाही. १९७७ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात 'बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी' स्थापन झाली. तिचा एक संस्थापक जोनाथन रोटेनबर्ग हा होता आणि त्या वेळी त्याचे वय १३ वर्षांचे होते! हा धडा वाचणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे वय आज तेवढेच असेल. ज्यांना यंत्राची भाषा कळत नाही, अशा साध्या माणसांनाही संगणक समजावून सांगावा, हे त्या संस्थेचे धोरण होते. शिक्षक, वैद्य, दुकानदार, संगीताचे शौकीन असे तिचे निरनिराळे गट पडले आणि सभासदांची संख्या ३० हजारांच्या वर गेली. ही संस्था १९९६ पर्यंत चालली.

वाटून घेण्याच्या या रीतीतून एक वादही निर्माण झाला. अल्टेअर संगणकासाठी बिल गेट्स व पॉल ॲलन या दोन तरुणांनी एक आज्ञावली लिहिली होती व ती विक्रीस ठेवली होती. होमब्रू मंडळातील काहींनी तिच्या नकला करून वाटून टाकल्या. १९७६ साली गेट्स यांनी छंदिष्टांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. ज्या कामासाठी आपण एवढे कष्ट घेतले, त्याचे मोल न देता लोक ते उचलतात, ही तर चोरी झाली, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होते. वॉझनियाकने वाटला तो आराखडा त्याचा स्वतःचा होता. तो देण्याचा त्याला अधिकार होता. दुसऱ्याने विकावयास ठेवलेली वस्तू परस्पर वाटणे ही निराळी गोष्ट होय. दानशूरपणा करावा तो आपल्या खिशातून.

मग ज्यांना वाटून द्यावयाचे आहे, त्यांनी काय करावे? १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी याचे उत्तर दिले. संगणकाला लागणाऱ्या सर्व आज्ञावल्या आपण नव्याने लिहू आणि त्या कोणीही वापराव्या, तपासाव्या, सुधाराव्या व पुढे द्याव्या, अशी परवानगी त्यांच्याबरोबरच देऊ, असे त्यांनी ठरविले. या कार्यास त्यांनी 'ग्नू' असे नाव दिले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' या नावाने ओळखला जाणारा गाभा तयार केला आणि पुढील वर्षी तोही अशाच परवानगीसह लोकांना दिला. ग्नू व लिनक्स यांचा मिलाफ होऊन एक संपूर्ण मुक्त प्रणाली तयार झाली. ती फुकट होती, परंतु तिच्याबरोबर शिकविणारा विक्रेता येत नव्हता. अडले तर विचारायचे कोणाला? म्हणून लिनक्स वापरणाऱ्यांचे गट जगभर निघाले. मुंबईत व पुण्यातही असे गट तयार झाले. पुण्याच्या गटाने सिंबायोसिसच्या संगणक-अभ्यास संस्थेबरोबर 'ग्नूनिफाय' नावाचे वार्षिक संमेलन अनेक वर्षे भरविले. त्यातील बरेचसे काम विद्यार्थी स्वयंसेवकच करीत.

अशा गटांचा एक आवडता उपक्रम म्हणजे 'इन्स्टॉल-फेस्ट', अर्थात संगणकावर नवी प्रणाली बसवून देण्याचा मेळावा. एखाद्या रविवारी शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या खोलीत टेबले मांडली जातात. लोक आपापले संगणक घेऊन येतात. कोणाचा संगणक दहा वर्षांचा जुना असतो. नव्या आज्ञावल्यांचे ओझे त्याला पेलत नाही व तो अडगळीत पडलेला असतो. स्वयंसेवक प्रथम त्यातील कागदपत्रांची व छायाचित्रांची दुसरी प्रत करून ठेवतात, कारण एकदा पुसलेले परत मिळेलच असे नाही. मग त्यावर लिनक्सचा एखादा हलका प्रकार बसवितात, आणि ते जुने खोड पुन्हा पालवते. परंतु या मेळाव्याचा एक अलिखित नियम असतो. कळफलकावर हात असावा तो संगणकाच्या मालकाचा. स्वयंसेवकाने शेजारी बसून सांगावे. जाणकाराच्या हातून जे काम पाच मिनिटांत होते, त्याला मग अर्धा तास लागतो. लागू द्यावा. दुकानदार काम करून देतो आणि त्याचे पैसे घेतो. त्यात वावगे काही नाही. मंडळात मात्र माणूस ते काम शिकूनच घरी जातो, आणि पुढच्या मेळाव्यात शेजारी बसणारा तो होतो.

महाराष्ट्रातील मंडळांपुढे आणखी एक काम होते, आणि ते बॉस्टनच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मंडळांना कधी करावे लागले नाही. ते म्हणजे संगणकाला मराठी शिकविण्याचे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक साठवायचा, अशी त्याची रीत. मराठी अक्षरांना पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे क्रमांक दिले होते. त्यामुळे पुण्याहून एका टंकात लिहिलेले पत्र सोलापूरला दुसऱ्या टंकात उघडले, की पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. १९९१ साली 'युनिकोड' या नावाने जगातील लिप्यांची एकच सामाईक क्रमवारी प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ घरे राखून ठेवलेली आहेत. आता 'माढा' हा शब्द कोठेही लिहिला, तरी संगणकात २३५०, २३६६, २३३८, २३६६ हेच चार आकडे साठतात: म, काना, ढ, काना. टोकियोतील संगणकालाही त्यावरून माढाच वाचता येतो.

तरीही मराठीच्या काही खास गरजा उरल्याच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत केवढा फरक आहे! पहिल्यात गुरूंना नमस्कार असेल, दुसऱ्यात स्वयंपाक्याला लाडवांची वर्दी. हा फरक दाखविणारा आडवा र टंकात नीट उमटला पाहिजे. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये २००८ पर्यंत स्वतंत्र घरच नव्हते. तोवर लोक 'अ' वर अर्धचंद्र चढवून वेळ निभावीत. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसत, पण संगणकाला ती दोन निराळी अक्षरे वाटत, आणि एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सापडत नसे. मराठी वळणाचा 'ल' व 'श' हिंदी वळणाहून निराळा असतो. त्याचीही काळजी घ्यावी लागली. असल्या बारीक गोष्टी परदेशातील कारखानदाराच्या ध्यानात कशा याव्या? त्या मराठी वापरणाऱ्यानेच सांगितल्या पाहिजेत.

दुसरे काम शब्दांचे. संगणकाच्या पडद्यावर जागोजागी सूचना असतात; त्या मराठीत आणण्यासाठी मुक्त प्रणालींच्या मराठी स्वयंसेवकांनी हजारो लहान लहान वाक्यांचे भाषांतर केले आहे. हे काम वाटते तितके सोपे नाही. 'सेव्ह'ला 'जतन करा' हा शब्द चांगला रुळला. परंतु 'फाइल'ला 'धारिका' म्हटले, तर माढ्याच्या बाजारात तो किती जणांना कळेल? शब्द शुद्ध हवा, हे खरे. पण तो आधी समजला पाहिजे, हे त्याहून खरे. म्हणून चांगले गट शब्द ठरविण्यापूर्वी चारचौघांत वाचून दाखवितात आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली, तर शब्द बदलतात.

तिसरे काम ज्ञानकोशाचे. मराठीला ज्ञानकोशांची परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. हे पंडितांचे काम. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा मात्र वापरणाऱ्यांनीच लिहिलेला कोश आहे. तो वाचणारा कोणीही त्यात भर घालू शकतो, चूक आढळल्यास दुरुस्त करू शकतो. २०२४ पर्यंत त्यातील लेखांची संख्या ९० हजारांच्या पुढे गेली होती. त्यातील काही लेख दोनचार ओळींचेच आहेत, हेही सांगितले पाहिजे. अनेक गावांच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा यांखेरीज फारसे काही नाही. ते लिहिण्यासाठी त्या गावचाच माणूस लागतो.

माढ्यासारख्या गावी संगणकाचे मंडळ काढले, तर त्याला कामाचा तोटा पडणार नाही. उजनी धरणाचे पाणी आल्यापासून या भागात उसाची लागवड वाढली. शेती आली तेथे सातबाराही आला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून झालेला उतारा. साताच्या नमुन्यात जमिनीचा धनी कोण, ते असते. बाराच्या नमुन्यात तिच्यात कोणते पीक उभे आहे, ते असते. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद करावयाची, अशी ही योजना आहे. नोंद राहून गेली, तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण उभी राहते. ज्याने जन्मभर औत धरले, त्याच्या हातातील फोन अशा वेळी त्याच्याच पिकाच्या आड येतो. गावातील एखादा शिकलेला मुलगा फोन हातात घेऊन झटकन नोंद करून देईल. पण पुढच्या हंगामात तो मुलगा पुण्याला शिकावयास गेलेला असेल. त्यापेक्षा बांधावर उभे राहून त्याने म्हणावे, "काका, आता हे बटण तुम्ही दाबा. हा फोटो कशाचा आला, ते मला सांगा." दोन वेळा चुकेल, तिसऱ्या वेळी जमेल. आणि काकांना जमले, की शेजारच्या रानातल्या बाबांना दाखवायला ते स्वतःच जातील.

पैशांच्या व्यवहारात तर करून देण्यापेक्षा शिकविणे अधिक गरजेचे आहे. बँकेकडून फोनवर काही आकड्यांचा एक गुप्त संदेश येतो. त्याला 'ओटीपी' म्हणतात. तो संदेश म्हणजे तिजोरीची क्षणभर चालणारी किल्ली होय. ठग माणसे बँकेचे नाव सांगून फोन करतात आणि ही किल्ली मागून घेतात. मंडळाच्या स्वयंसेवकाने म्हणून पहिल्या दिवशीच एक नियम पाळावयास शिकावे. मदतीला आलेल्या आजींचा गुप्त आकडा त्याने विचारू नये, ऐकू नये, आजींनी आपण होऊन सांगू म्हटले तरी हात वर करून थांबवावे. "आजी, मलासुद्धा सांगायचा नाही. तुम्ही दाबा, मी तिकडे तोंड करून उभा राहतो." अशा वेळी पाठ फिरविणे हाच स्वयंसेवकाचा शिष्टाचार होय. जी आजी नातवाएवढ्या मुलालाही आकडा सांगत नाही, ती फोनवरच्या अनोळखी माणसाला का सांगेल?

मंडळ काढावयास फार साहित्य लागत नाही. शाळेत किंवा वाचनालयात संध्याकाळी रिकामी असणारी एक खोली, कोणाच्या घरी पडून असलेले दोन जुने संगणक, आणि एक जाड वही. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारावी. डावीकडे 'मला काय येते', उजवीकडे 'मला काय हवे'. पहिल्या दिवशी उजवी बाजू भरून जाईल आणि डावी रिकामी राहील, कारण आपल्याला काही येते हे सांगावयास लोक संकोच करतात. एखादी मुलगी मराठी टंकलेखन भराभर करीत असते, पण ते येणे म्हणजे काही विशेष, असे तिला वाटतच नाही. तिला लिहावयास लावणे हे मंडळाच्या चिटणीसाचे काम. वीज जाण्याच्या वेळा ध्यानात घेऊन सभेची वेळ ठरवावी, आणि डॉम्पिअरची फजिती आठवून तारा पायांत येणार नाहीत अशा भिंतीच्या कडेने न्याव्या.

आरंभीचा उपक्रम म्हणून मंडळाने आपल्या गावाचा लेख हाती घ्यावा. माढ्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे: येथील भुईकोट किल्ला, माढेश्वरी देवीचे मंदिर, तालुक्यातील कुर्डुवाडीला १८९७ साली आलेली आणि अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे. पण कोशात ऐकीव गोष्ट चालत नाही. प्रत्येक विधानाला छापील आधार द्यावा लागतो. तेव्हा एका गटाने वाचनालयात बसून जिल्ह्याचे गॅझेटिअर चाळावे. दुसऱ्याने किल्ल्याची छायाचित्रे काढावी, आणि ती स्वतःच काढावी. दुसऱ्याची उचलू नयेत. तिसऱ्याने गावातील वृद्ध माणसांकडे जाऊन लहान रेल्वेच्या आठवणी विचाराव्या. त्या कोशात घालता येणार नाहीत कदाचित; त्यांच्यासाठी वहीची मागची पाने मोकळी ठेवावी.